दीड तासाचे अंतर

हैदराबाद आमच्या गोंदियाहून किती लांब आहे, हा प्रश्न मी चार जणांना विचारला आणि मला चार उत्तरे मिळाली. शेजारी राईस मिलचे मुनीमजी राहतात, ते म्हणाले, "एक रात समजा, साहेब." हैदराबादचा आमचा नातू फोनवर म्हणाला, "नव्वद मिनिटं, आजोबा." चौकात तिकिटे काढून देणारे एक गृहस्थ बसतात, त्यांनी रुपयांतला एक आकडा सांगितला आणि "उद्या वाढेल," अशी पुस्ती जोडली, त्यांच्या लेखी अंतर पैशांत मोजायचे असते आणि ते रोज कमीजास्त होते. राहता राहिल्या आमच्या सौभाग्यवती. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दिवाळीपासून दिवाळीपर्यंत."

चौघेही खरे बोलत होते, आणि घोटाळा तिथेच आहे. शाळेत आम्हाला शिकवले होते की दोन बिंदूंमधले अंतर एकच असते. शिकवणाऱ्या गुरुजींनी आपली मुलगी परगावी दिलेली नसावी.

माणूस किलोमीटरमध्ये बोलायला लागला तो अगदी अलीकडे. आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी कोसांत बोलत. धानाच्या बांधीत राबणारा आमचा गडी बिड्यांत बोले. "दोन बिड्यांवर गाव हाय," म्हणजे दोन बिड्या ओढून संपतील एवढे चालायचे. बिडीच्या धंद्यावर निम्मी घरे चालणाऱ्या मुलखात हे माप कुणाला चमत्कारिक वाटत नसे. आमच्या आईचे माप डब्याचे होते. आमगाव, तिरोडा ही बिनडब्याची गावे. नागपूर एक डबा. मुंबई दोन डबे. बँकेने माझी बदली कोल्हापूरला केली तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला तो हा, "बाबू, हे कोल्हापूर किती डब्यांवर आहे रे?" मी हिशेब करून तीन सांगितले. तिने चार दिले. चौथा, गाडी लेट झाली तर.

निवृत्त माणसाला काही ना काही उद्योग लागतो. एके दुपारी मी भारताचा नकाशा जमिनीवर पसरला, सौ.च्या शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला आणि गोंदियावर टाचणी रोवून मोजमापाला बसलो. सरळ रेषेत, म्हणजे विमान जाईल तसे, हैदराबाद निघाले सुमारे ५१५ किलोमीटर. मुंबई निघाली ८२०. माझा विश्वास बसेना. मग मी दोरा फिरवीतच सुटलो. रायपूर १४०, भोपाळ ३५०, रांची साडेपाचशे, भुवनेश्वर आणि लखनौ सहाशेच्या आसपास. म्हणजे इतर सहा राज्यांच्या राजधान्या आम्हाला आमच्या स्वतःच्या राजधानीपेक्षा जवळ! आमच्याकडचे सरकारी कागद मुंबईहून परत यायला एवढे दिवस का लागतात, हे मला त्या दुपारी उमगले. बिचारे चालत येत असणार.

वेगाचेच म्हणाल तर सूर्यासारखा प्रवासी नाही. गोंदिया आणि मुंबई यांच्या रेखांशांत साडेसात अंशांच्या जवळपास फरक आहे, आणि एका अंशाला सूर्य चार मिनिटे घेतो. तेव्हा आमच्या डोक्यावर आलेला सूर्य अर्ध्या तासाने मुंबईकरांच्या डोक्यावर जातो. तेच अंतर कापायला विदर्भ एक्सप्रेसला पंधरा-सोळा तास लागतात. अर्थात सूर्याला वाटेत बडनेरा नाही, भुसावळ नाही आणि सिग्नल तर नाहीच नाही.

विमान ही वस्तू आम्हा गोंदियाकरांना अगदीच नवी होती असे नाही. शहरापासून बारा-तेरा किलोमीटरवर बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी धावपट्टी बांधली. युद्ध संपले, इंग्रज गेले, धावपट्टी राहिली. पुढे बऱ्याच वर्षांनी तिथे वैमानिक घडवणारी संस्था आली आणि शिकाऊ मुलामुलींची छोटी छोटी विमाने आमच्या गच्च्यांवरून घोंघावू लागली. ती उडत, तासभर घिरट्या घालीत आणि जिथून उडाली तिथेच उतरत. उड्डाण एक तास, कापलेले अंतर शून्य. चाळीस वर्षे संसार केलेल्या माणसाला यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. एवढेच वाटे की डोक्यावरून इतकी विमाने जातात, पण त्यातले एकही आपल्याला घेऊन जात नाही.

तेही झाले. १३ मार्च २०२२ रोजी इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी पहिली प्रवासी सेवा सुरू झाली. गावात पेढे वाटले गेले नाहीत, पण चहाच्या टपरीवर लोक एकमेकांना 'मग, कधी निघता?' असे विचारू लागले. आमचे निघायचे ठरता ठरता काही महिन्यांत ती सेवा थांबली. मग १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोचे पंख्याचे विमान हैदराबादहून गोंदियाला येऊ लागले. उड्डाण साधारण दीड तासाचे.

या दीड तासाने आमच्या घरात जी उलथापालथ केली, ती सांगायला मी हे लिहायला बसलो आहे.

आमची एकुलती एक मुलगी लग्नानंतर हैदराबादला असते. विमान नव्हते तेव्हा बल्लारशामार्गे रात्रभराचा रेल्वेचा प्रवास, कडेवर पोर, रजेची मारामार. "आई, फार लांब पडतं गं," हे तिचे नेहमीचे वाक्य, आणि त्यात खोटे काही नव्हते. वर्षातून एकदा, दिवाळीला, ती यायची. आठ दिवस राहायची. त्या आठ दिवसांसाठी आमच्या सौ. दोन महिने आधीपासून याद्या करायच्या.

विमान सुरू झाल्यावर त्याच डिसेंबरात ती आली. शुक्रवारी आली, रविवारी गेली. आता, ज्यांच्या घरी अनारसे होतात त्यांना ठाऊक आहे की अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात. सौ.नी ते ती आल्यावर मोठ्या हौसेने भिजत घातले. मुलगी अडीच दिवस राहिली. अनारसे आम्ही दोघांनी खाल्ले.

निघताना ती म्हणाली, "आता काय बाबा, दीड तासाचं तर अंतर! केव्हाही येईन."

'केव्हाही' हा शब्द कानी आला तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते. 'दिवाळीला येईन' म्हणणारा माणूस दिवाळीला येतो. 'केव्हाही येईन' म्हणणाऱ्याचा दिवस पंचांगात कुठेच नसतो. होळी गेली. उन्हाळ्याची सुट्टी गेली. नातवाचे पोहण्याचे वर्ग होते. पोळा गेला. आणि मग दिवाळीच्या तोंडावर फोन आला, "बाबा, दिवाळीच्या गर्दीत कशाला? तिकिटंही महाग. आता काय, केव्हाही येता येतं ना!"

म्हणजे रेल्वेच्या काळात वर्षातून एकदा येणारी मुलगी विमानाच्या काळात तेवढीही येईना. सौ.चे दिवाळीचे मापसुद्धा अपुरे पडले.

तिच्या बाजूने मी हिशेब मांडून पाहिला नाही असे नाही. उड्डाण दीड तास, हे खरे. पण तिच्या घरून शमशाबादचा विमानतळ गाठायला हैदराबादच्या रहदारीत दीड-दोन तास, त्यापुढे विमानाच्या आधी दोन तास तिथे हजर राहायचे, आणि इकडे बिरसीला उतरून, सामान घेऊन, गोंदियात आमच्या दारात यायला पाऊण तास. सगळे मिळून सहा-साडेसहा तास होतात. दीड तासाचे माकड आणि पाच तासांची शेपटी! तरीदेखील रात्रभराच्या गाडीपेक्षा हे बरेच. तेव्हा न येण्याचे कारण अंतर नव्हे, हे उघड होते.

हा आजार एकट्या विमानाचा नाही. आमच्याकडे पूर्वी बालाघाटमार्गे जबलपूरला जाणारी छोटी लाईन होती. अडीच फूट रुंदीचे रूळ आणि त्यांवरून रमतगमत जाणारी गाडी. बालाघाट गोंदियाहून चाळीसेक किलोमीटर, पण छोट्या गाडीने निम्मी सकाळ जायची. माझी आत्या बालाघाटला होती आणि दर महिन्याला आमच्याकडे यायची. एवढा वेळ घालवून आलो तर राहिलेच पाहिजे, म्हणून चार दिवस राहायची. आता मोठी लाईन झाली आहे, गाडी पाऊण-एक तासात जाते. आत्या गेली, तिची मुले, नातवंडे तिथेच आहेत. त्यांना पाहून मला सहा वर्षे झाली. जवळच आहेत ना, केव्हाही जाता येईल.

इथे मला कांट आठवतो. बँकेत चिकटण्याआधी मी तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झालो होतो. त्याचा बँकेला काडीचा उपयोग झाला नाही, पण निवृत्तीनंतर दुपारच्या वेळी होतो. कांट हा मोठा जर्मन तत्त्वज्ञ. आयुष्यभर आपले कोनिग्सबर्ग गाव सोडून फार लांब कुठे गेला नाही. रोज ठरल्या वेळी फिरायला निघे आणि लोक त्यावर घड्याळे लावीत, अशी आख्यायिका आहे. एवढ्या घरकोंबड्या माणसाने प्रवासाविषयी काय सांगावे, असे तुम्ही म्हणाल. पण त्याच्या विचारातून निघणारी एक गोष्ट माझ्या कामाची आहे. जे करणे माणसाला शक्यच नाही, ते त्याचे कर्तव्य ठरू शकत नाही. गोंदियात आग लागली म्हणून कोल्हापूरच्या माणसाला कुणी 'बादली घेऊन का आला नाहीस' असे विचारत नाही.

म्हणजे अंतर ही एक मोठी सभ्य सोय होती. कर्तव्य उंबऱ्यावर येऊन उभे राहिले की अंतर पुढे होऊन सांगायचे, 'साहेब घरी नाहीत.' कुणाला राग नाही, कुणाला लाज नाही. अठ्ठावीस तासांच्या प्रवासापुढे आईबापसुद्धा हात जोडायचे.

विमान आले आणि ही सोय गेली. जे अशक्य होते ते शक्य झाले. मग जे शक्य झाले ते सगळे कर्तव्यही झाले का? तसेही म्हणता येत नाही. दीड तासावर राहणाऱ्या प्रत्येकाच्या बारशाला, मुंजीला, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला जायचे म्हटले तर माणसाने विमानातच बिऱ्हाड करावे. मुलीलाही संसार आहे, नोकरी आहे, तिकडचे सासूसासरे आहेत. कशाला जायचे आणि कशाला नाही, हे कुणीतरी ठरवलेच पाहिजे. पूर्वी ते रेल्वेचे वेळापत्रक ठरवायचे. आता ते आपल्यालाच ठरवावे लागते, आणि ठरवले की ते आपले ठरवणे असते. 'फार लांब पडतं' याच्या जागी 'मी येत नाही' असे म्हणावे लागते. हे वाक्य जिभेवर यायला फार जड. म्हणून माणसाने 'केव्हाही' हा शब्द शोधला.

हे सगळे तत्त्वज्ञान मी त्या संध्याकाळी सौ.ना ऐकवले. आवाज जरा चढला होता. "आजकालच्या पिढीला अंतर नको, फक्त सबब हवी," असे काहीतरी शेवटी म्हणालो. चांगले वाक्य होते, मला स्वतःला आवडले.

सौ. पणत्या पुसून ठेवत होत्या. म्हणाल्या, "अहो, तुम्ही कोल्हापूरहून वर्षातून किती वेळा येत होता?"

"मी? कोल्हापूर म्हणजे अहो, तेराशे किलोमीटरांच्या वर! आजसुद्धा महाराष्ट्र एक्सप्रेस अठ्ठावीस तास घेते. सगळा महाराष्ट्र पालथा घालून यावं लागतं. नागपूर, भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे..."

"किती वेळा, ते विचारलं."

मी गप्प बसलो. पणत्यांचा आवाज होत राहिला.

१९८६ सालची गोष्ट. मी कोल्हापूरला होतो. एका सोमवारी वडिलांचे कार्ड आले. त्यांच्या वळणदार अक्षरात चार ओळी. आईची प्रकृती बरी नाही. काळजीचे कारण नाही. आठवण काढते. सवडीने येऊन जाणे.

शाखेत तपासनीस यायचे होते. त्या आठवड्यात सवड नव्हती. मी कार्ड टेबलाच्या खणात ठेवले. मंगळवारी एकदा काढून वाचले, 'काळजीचे कारण नाही' या ओळीखाली मनातल्या मनात रेघ मारली आणि परत ठेवले. तपासणी गुरुवारी संपली. साहेबांनी पाठ थोपटली. शुक्रवारी दुपारी मी गाडीत बसलो, नागपूरला गाडी बदलली आणि शनिवारी रात्री गोंदियाला उतरलो. आई गुरुवारी गेली होती. वडिलांनी केलेली तार मी निघाल्यावर कोल्हापुरात पोचली. ती आणि मी वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेलो असणार.

ओट्यावर बसलेले लोक हळहळले. "काय करणार, अंतरच एवढं," म्हणाले. वडीलही तेच म्हणाले. मीही तेच म्हणालो आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षे तेच म्हणत राहिलो. त्या काळी विमान असते तर आईची भेट झाली असती, हे मी इतक्यांदा आणि इतक्या जणांना सांगितले आहे की बिरसीला पहिले विमान उतरले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. लोकांना वाटले, गावाच्या प्रगतीचा आनंद.

पण हिशेब बँकेतल्या माणसाचा आहे आणि तो साधा आहे. सोमवारी दुपारी निघालो असतो तर मंगळवारी रात्री आईजवळ असतो. पुरता बुधवार मिळाला असता. प्रवास तीस-पस्तीस तासांचा होता. त्यात रेल्वेची चूक नव्हती, मनमाडची नव्हती, दौंडची नव्हती. बाकीचे चार दिवस माझ्या टेबलाच्या खणात होते. विमान असते तर मी गुरुवार संध्याकाळपर्यंत तपासणी उरकली असती आणि शुक्रवारी सकाळी ऐटीत विमानाने येऊन, तरीही उशिराच पोचलो असतो.

हे मी सौ.ना सांगितले नाही. त्यांना माहीत होते.

त्या रात्री झोप येईना म्हणून पुस्तकांच्या कपाटाशी गेलो. आमच्या जिल्ह्यात आमगावजवळ पद्मपूर नावाचे गाव आहे. संस्कृत नाटककार भवभूती तिथला, असे मानतात. त्याच्या 'महावीरचरित' नाटकाच्या शेवटच्या अंकात राम पुष्पक विमानातून अयोध्येला परततो. म्हणजे विमानप्रवासावर लिहिणारा पहिला गोंदियाकर भवभूतीच, असे म्हणायला आम्ही मोकळे आहोत. मला त्या रात्री वेगळेच सुचले. जाताना राम पायी गेला, कारण चौदा वर्षे घालवायचीच होती. येताना त्याला विमान का लागले? कारण तिकडे भरत दिवस मोजत होता. चौदा वर्षे भरली आणि राम दिसला नाही तर अग्निप्रवेश करीन, असे तो सांगून बसला होता. त्याने 'सवडीने येऊन जाणे' असे म्हटले असते तर काय झाले असते कोण जाणे. आणि रामाचा मोठेपणा असा की, काम झाल्यावर विमान त्याने कुबेराला परत पाठवून दिले. जवळ ठेवले असते तर तोही कधीतरी कुणाला तरी म्हणाला असता, आता काय, केव्हाही येईन!

सकाळी उठल्यावर डोक्यात एक नवाच किडा वळवळू लागला. गोंदियाहून हैदराबाद जितके लांब, तितकेच हैदराबादहून गोंदिया लांब. हे भूमितीला मान्य आहे. घरोघर मात्र ते मान्य नसते. मुलांनी आईबापांकडे येण्याचे अंतर आपण मोजतो. आईबापांनी मुलांकडे जाण्याचे अंतर मोजायला नकाशा काढत नाही. मी निवृत्त. सवडच सवड. गाठीला दोन तिकिटांपुरते पैसे. विमान बारा किलोमीटरवर येऊन उभे. मग मी का गेलो नव्हतो?

कारणे लगेच हजर झाली. घराला कुलूप कसे लावायचे? तुळशीला पाणी कोण घालील? जावयाच्या घरी किती दिवस राहायचे? शिवाय माझा उजवा गुडघा. मी त्यांच्याकडे नीट पाहिले तेव्हा ओळख पटली. जुनीच मंडळी होती. फक्त तपासनीसाच्या जागी तुळस आली होती.

"तिकिटं काढतो," मी म्हणालो.

"मंगळवारची काढा," सौ. म्हणाल्या. "तांदूळ आजच भिजत घातलेत. पीठ इथून करूनच नेते."

हे त्यांनी माझ्या आधी ठरवले होते, हे उघड आहे. मी चौकशी केली नाही. तुळशीची जबाबदारी मुनीमजींनी घेतली.

बिरसीच्या रस्त्याला धानाची कापणी चालली होती. रिक्षावाल्याने एकदम रिक्षा हळू केली. "साहेब, सारस पाहा, सारस!" दूर एका बांधीत दोन सारस उभे होते. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यांत उंच, पुरुषभर उंचीचा हा पक्षी. महाराष्ट्रात तो दिसायचा तर आमच्याच बाजूला, आणि तोही मोजका उरलेला. एवढे पंख असून तो हजारो मैलांच्या यात्रांना जात नाही. आपल्या तळ्याच्या आणि धानाच्या आसपासच जोडीने आयुष्य काढतो. मला वाटले, याला अंतराचे तत्त्वज्ञान लागत नाही. त्याचे सगळे गणगोत या एका बांधीवर उभे आहे. आपण मुलाबाळांना शिकवून लांब उडवतो, आणि मग दोरे घेऊन अंतर मोजत बसतो.

विमानतळावर तपासणीच्या वेळी सौ.ची पिशवी अडली. आत स्टीलचा डबा, डब्यात पिठाचा गोळा. वर्दीतल्या तरुण जवानाने झाकण उघडायला लावले आणि संशयाने विचारले, "ये क्या है, माताजी?"

"अनारशाचं पीठ," सौ. मराठीतच म्हणाल्या.

त्याचा चेहरा बदलला. "अनरसा? हमारे यहाँ भी बनता है. माँ बनाती है." मुलगा बिहारचा होता, पाटण्याच्या बाजूचा. त्याने झाकण स्वतःच्या हाताने घट्ट लावले आणि डबा असा परत दिला, जसा कुणी प्रसाद देतो. पाटणा गोंदियाहून किती लांब हे मी त्या दुपारी दोऱ्याने मोजले होते, पावणेसातशे किलोमीटर. त्याला काही सांगितले नाही. शेवटचा घरी कधी गेला होतास, हेही विचारले नाही.

विमान उडाले. खाली तळी चमकली, मग जंगल लागले. सौ.नी दुसरा डबा काढला. मी म्हणालो, "अहो, दीड तासाचा तर प्रवास." त्या म्हणाल्या, "एकच आणलाय. अर्धा आत्ता खा."

अर्धा डबा संपेस्तोवर हैदराबाद आले. आईला सांगायला हवे होते.

मुलीचा फोन आला, "बाबा, रस्त्यात अडकलेय. पाच मिनिटांत पोचते." त्या पाच मिनिटांचा तासभर झाला. आम्ही दोघे बाहेर बाकावर बसून राहिलो. सौ. डबा मांडीवर धरून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे पाहत होत्या. शेवटी ती आली, धापा टाकीत, नातवाला ओढीत. नातू आजीच्या डब्याकडे धावला.

"सॉरी बाबा, फार उशीर झाला. कंटाळलात ना?"

"नाही गं," मी म्हणालो. "सवड होती."